टॅपेटचा आवाज

कसबा बावडा, कोल्हापूर
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय अवनी,

रोज संध्याकाळी फोन होत असताना पत्र कशाला, असा प्रश्न तुला पडेल. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी गाडीचं लिहितो. दिवाळीपासून तू फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतेस, गाडी झाली का, आणि मी 'होईल, होईल' म्हणून फोन आईच्या हातात देतो. फोन स्पीकरवर असतो, ती शेजारी बसलेली असते, आणि इंजिनाची गोष्ट अशी दोन वाक्यांत सांगता येत नाही. तेव्हा आज सगळं ओळीने सांगतो. निवांत बस, पाय वर घे आणि वाच.

तुला दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी तुझ्या आईने ठरवलं होतं की सातवा लागला की तुला आणायला ती पुण्याला येणार, आपल्याच गाडीने, स्वतः चालवत. तुझ्या सासूबाईंनाही तिने फोनवर तसं सांगून टाकलं. मी म्हणालो, सौमित्रची गाडी नवी आहे, तो आणून सोडेल. तर म्हणाली, 'लेकीला आणायला आईनं जायचं असतं. जावयानं आणून सोडायला ती काय पार्सल आहे?' तेव्हापासून या घरात एकच प्रश्न होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत गाडी खंबाटकीचा घाट चढून-उतरून, तुला पोटातल्या बाळासकट धक्का न लावता परत आणण्याच्या लायकीची होते की नाही. बाकीची तयारी कधीच झाली आहे. तुझी खोली रंगवून झाली, जुन्या मऊ साड्यांच्या दुपट्यांचा गठ्ठा कपाटात आहे, न्हाणीतला पाट सुताराकडून घट्ट करून आणला आहे. राहिली होती फक्त गाडी.

गाडी तुझ्याहून वर्षाने मोठी. ती दारात आली त्या दिवशी आक्कानं चाकांवर लिंबं ठेवली, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि बजावलं, 'लक्ष्मी आलीया. पायताण घालून बसायचं न्हाय.' आक्का माझी आई असली तरी घरात तिचं ऐकणारी एकटी तुझी आईच. आक्का जाऊन इतकी वर्षं झाली, अजून ती चपला काढूनच गाडीत बसते. उन्हाळ्यात पेडल तापलेलं असलं तरीही. पेडलवरचं रबर झिजून गेलं, खालचं लोखंड उघडं पडलं, मेकॅनिक दर वेळी नवं रबर बसवू का म्हणून विचारतो आणि ती नको म्हणते, पायाला याचीच सवय झाली आहे म्हणून. काढलेल्या चपला कुठे ठेवायच्या, तर माझ्या पायाशी. मला लहानपणापासून डाव्या डोळ्याने दिसत नाही, त्यामुळे लायसनचा विषयच निघाला नाही. या घरात गाडी चालवणारी ती आणि तिच्या चपला सांभाळणारा मी, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. याच गाडीने ती पेठ वडगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला जायची. वाटेत चार शिक्षिका गोळा करायची. तू मागच्या सीटवर मधोमध बसायचीस आणि सगळ्यांचे डबे मांडीवर घ्यायचीस.

दिवाळीच्या पाडव्याला दसरा चौकातल्या सिग्नलला गाडी थरथरायला लागली. उभी असताना इंजिन एकसारखं फिरत नव्हतं, लंगडत होतं, आणि सिग्नल सुटायच्या आत बंद पडलं. मागून हॉर्न सुरू झाले. एक मोटारसायकलवाला शेजारून जाताना म्हणाला, 'काकू, म्युझियमात ठेवा की आता.' आईने काच खाली करून सांगितलं, 'तुझी तीस वर्षं टिकली की मग बोल.' तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली आणि आम्ही तशीच लंगडत ती शिवाजी पेठेत आकारामकडे नेली.

आकाराम तुला आठवत असेल. तालमीच्या मागच्या बोळात गॅरेज, भिंतीवर फुटबॉल क्लबचा झेंडा, सामना असला की शटर खाली. त्याने बॉनेट उघडलं, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, 'बाई, एक सिलिंडर मेलाय. मिसिंग मारालीय.' आपलं इंजिन तीन सिलिंडरचं. त्यातलं कोणतं काम करत नाही हे शोधायची रीत अगदी सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. चालत्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्याची काढली की काहीच फरक पडत नाही. मधली वायर काढली आणि काहीच फरक पडला नाही. वायर उलटी करून बघितली तर खालच्या अंगाला कुरतडलेली. आपल्या मागे उसाची शेतं आहेत, तोडणी सुरू झाली की उंदीर घराकडे येतात आणि बॉनेटखालच्या उबेला बसतात. नव्या वायरी घातल्या, प्लग बदलले, आणि इंजिन उभ्या जागी असं शांत फिरायला लागलं की आकारामने त्यावर चहाचा ग्लास ठेवून दाखवला. चहा हलला नाही.

म्हणजे दिवाळीत जे झालं ते खरंखुरं इंजिनाचं दुखणं होतं आणि ते बरं झालं. हे मुद्दाम लिहितो आहे, पुढे लागेल.

आठवड्याभरात आई म्हणायला लागली की गाडी अजून बरोबर नाही. उभी असताना ठीक, हायवेला ठीक, पण हळू आणि एकसारख्या वेगात चालताना धक्के खाते. मीही शेजारी बसून ते अनुभवत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चाललो की गाडी मागून कुणीतरी बारीक बारीक ढकलल्यासारखी चालायची. परत आकाराम. हळू चालताना धक्के म्हणजे पेट्रोल कमी पडत असणार, असं तो म्हणाला आणि त्याने पेट्रोलचा फिल्टर बदलला. फरक नाही. मग इंजिनाला पेट्रोल आणि हवा पुरवणारा कार्ब्युरेटर उतरवून धुतला. त्यातला रबराचा पातळ पडदा फाटलेला निघाला, तो नवा घातला. जुना त्याने आईच्या हातात दिला, तिने उजेडाकडे धरून त्याचं भोक बघितलं. वर्गात अशा वस्तू दाखवायची सवय अजून गेलेली नाही. तरी फरक नाही. मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण, मग एक चिरलेला पाईप. एकेक वस्तू बदलली जात होती आणि प्रत्येक वस्तू तशी बदलण्याजोगीच होती, जुन्या गाडीत कुठेही हात घातला की काहीतरी सापडतंच. पण धक्के होते तसेच.

यात एक विचित्र गोष्ट होती आणि ती आमच्या तिघांच्याही डोळ्यांसमोर होती. दर वेळी काम झालं की आकाराम आधी स्वतः चालवून बघायचा. रंकाळ्याला एक चक्कर मारून यायचा, आई शेजारी, मी मागे. गाडी लोण्यासारखी. मग आई चालवत घरी निघायची आणि पंचगंगेच्या बाजूला वळेपर्यंत धक्के सुरू. ती दुसऱ्या दिवशी परत गेली की आकाराम हसायचा. 'बाई, माझ्याकडं आली की सुनेवानी गुमान चालतीया, आणि तुमच्याकडं गेली की माहेरपणाला आल्यागत नाचतीया.' एकदा म्हणाला, तुम्ही गिअर उशिरा बदलत असाल. त्यावर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. मला मात्र जेवताना म्हणाली, 'या पोरानं फुटबॉल खेळावा. इंजिन त्याचं काम नव्हे.' पोरगा आता पन्नाशीला आला आहे.

त्यातच तो आवाज सुरू झाला. धक्के खाताना आत बसल्यावर एक बारीक टकटक ऐकू यायची. धातूवर धातू, हलकी, भराभर. आकारामला सांगितलं तर म्हणाला, 'मग टॅपेट हाय. आधी सांगायचं न्हाय व्हय?' टॅपेट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात झडपा उघडणाऱ्या पट्ट्या. त्यांच्यातलं अंतर वाढलं की त्या अशाच वाजतात. त्याने इंजिनाचं वरचं झाकण काढून पातळ पात्यांनी प्रत्येक अंतर मोजलं, थोडं घट्ट केलं, झाकण लावलं. बाहेर उभं राहून ऐकलं तर आवाज नाही. तो चालवताना आवाज नाही. आई बसली, गाडी हळू चालली, टकटक. त्याने परत झाकण काढलं. एकच टॅपेट तीनदा बसवून झाली. शेवटी तो वैतागून मला म्हणाला, 'आण्णा, ह्या इंजिनात आता वाजायला काय सुदिक राह्यलं न्हाय.'

डिसेंबरातली आणखी एक गोष्ट सांगतो. तेव्हा मला तिचा अर्थ लागला नव्हता. एका दुपारी पाठ टेकली होती, पाणी प्यायला उठलो तर न्हाणीचं दार अर्धं उघडं. आई पाटावर बसली होती, पाय समोर लांब केलेले, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. पायांवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. पाणी नाही, तांब्या नाही. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, 'गुळाची ढेप. मुंग्या लागल्या का बघते आहे.' लाडवांसाठी आणलेली ती लहान ढेप मीच पिशवीतून वाहून आणली होती. पण गूळ बघायला कोणी न्हाणीत जात नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी पाणी प्यालो आणि परत जाऊन झोपलो.

महिनाअखेरीला आकारामने शेवटचा उपाय काढला. तो म्हणाला, आता बाईंनी चालवायची, मी मागे बसून ऐकणार, आणि आण्णांनी नुसतं लक्ष ठेवायचं की धक्का नेमका कधी येतो. आम्ही तिघे वडगावच्या रस्त्याला लागलो, आईचा रोजचा जुना रस्ता. शिये फाट्याच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही भरून वाहणाऱ्या. पुढे जायला जागा नव्हती. त्याच्या मागे आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चाललो होतो, म्हणजे नेमकं जसं चालल्यावर धक्के यायचे तसं. आणि धक्के आलेच. मागून आकाराम म्हणाला, 'आता, आता ऐका, वाजालंय.' टकटक मीही ऐकत होतो. तेवढ्यात ट्रॅक्टर थबकला, आईने ब्रेक दाबला, आणि माझ्या पायाशी असलेली तिची एक चप्पल घसरून तिच्या बाजूला, क्लचच्या खाली गेली. पेडलखाली चप्पल अडकली तर घात, म्हणून मी पट्टा सोडून खाली वाकलो. ब्रेक दाबल्याबरोबर टकटक थांबली होती. चप्पल हाताला लागेपर्यंत ट्रॅक्टर पुन्हा हलला, आईने पाय ॲक्सिलरेटरवर नेला, आणि टकटक पुन्हा सुरू झाली. अगदी माझ्या कानाशी.

तिचा उजवा पाय थरथरत होता. फार नाही. एका ठरावीक तालात. अंगठ्याशेजारच्या बोटातलं जोडवं उघड्या लोखंडावर आपटत होतं आणि तोच आमचा टॅपेटचा आवाज होता. आपल्या गाडीत पेडल आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये फक्त एक तार असते. पायाला जे होतं ते जसंच्या तसं इंजिनापर्यंत पोचतं. पाय एवढा एवढा हलत होता, पेट्रोल एवढं एवढं कमीजास्त होत होतं, आणि गाडी तेवढे तेवढे धक्के खात होती. इंजिन त्याला सांगितलेलं काम अगदी बरोबर करत होतं. जोरात दाबलं की पाय स्थिर, म्हणून हायवेला त्रास नाही. नुसता टेकवून ठेवला की थरथर, म्हणून हळू चालताना धक्के. आकारामचा पाय बुटात आणि निरोगी, म्हणून त्याच्याकडे गाडी शहाणी. सगळं एकदम जुळलं. मी चप्पल घेऊन वर आलो. आईची नजर समोर रस्त्यावर होती. आकाराम मागून म्हणाला, 'काय आण्णा, काय कळलं काय?' मी म्हणालो, नाही, धक्का कधीही येतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटा रिक्षाने आकारामकडे गेलो आणि त्याला सांगितलं. तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, 'मी आपला टॅपेट बसवतोय.' आमचं असं ठरलं की आदल्या दिवशी त्याच्याकडेच राहिलेली गाडी तिथेच ठेवायची आणि आईला सांगायचं की कार्ब्युरेटरचा पडदा परत फाटला, जुन्या गाडीचा भाग आहे, लवकर मिळत नाही. त्याला ते पटलं नव्हतं. 'बाईंशी खोटं बोलायचं म्हणजे...' एवढं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं. पण गाडी ठेवून घेतली. तुलाही मी एकदा फोनवर तेच पडद्याचं कारण सांगून टाकलं. मला वाटलं होतं, फेब्रुवारीची वेळ अशीच टळेल, सौमित्र तुला घेऊन येईल, आणि मग तुझ्या येण्याच्या गडबडीत पुढचं पुढे बघता येईल. आईने एकदाही विचारलं नाही की पडदा कधी येणार. त्यावरून तरी मी ओळखायला हवं होतं.

मग बुधवारी तुझा फोन आला की सौमित्रने नाना पेठेत शोधून तो पडदा मिळवला आहे आणि तू कुरिअरने पाठवते आहेस. तू किती खुशीत होतीस. आई 'बरं झालं बाई' म्हणाली. फोन बंद झाला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन तिळाच्या वड्या थापायला बसली. मी मागोमाग गेलो. तिने वर न बघता विचारलं, 'कुठला पडदा म्हणे?' मी म्हणालो, कार्ब्युरेटरचा. 'तो नोव्हेंबरात बदलला. त्याचं भोक मी बघितलंय. दोन महिन्यांत नवा कसा फाटेल?' तिने वड्या कापायला घेतल्या. हात अगदी स्थिर होता, सगळ्या रेघा सरळ. मग म्हणाली, 'गाडी घरी आणा. तिच्यात काही नाही.' आणि थोड्या वेळाने, 'तुम्हाला कधी दिसलं?' मी सांगितलं, वडगावच्या रस्त्याला, ट्रॅक्टरच्या मागे. ती म्हणाली, 'मला दसऱ्यापासून माहीत आहे. दिवाळीत गाडी खरंच बिघडली तेव्हा मला बरं वाटलं होतं.'

एवढंच बोलणं झालं. तिने मला एक वडी दिली, मी खाल्ली.

शुक्रवारी आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, खुर्चीवर बसवून पायाकडे बराच वेळ बघितलं. आजाराचं नाव त्यांनी घेतलं, पण नक्की म्हणायला काही महिने औषध देऊन बघावं लागेल म्हणाले, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. तू आलीस की कागद दाखवीन. उपचार आहेत, हळू वाढणारं आहे, घाबरण्यासारखं आज काही नाही, हे त्यांचेच शब्द. आईने त्यांना एकच प्रश्न विचारला, गाडी? त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती 'ठीक आहे' म्हणाली आणि पर्स उचलली. तेव्हा तो प्रश्न मिटला. पुण्याला गाडी येणार नाही. सौमित्रला सांग, त्यानेच तुला आणावं. रस्ता खराब लागला की थांबावं, आणि कुरिअर अजून निघालं नसेल तर तो पडदा परत करावा.

काल आकाराम स्वतः गाडी घेऊन घरी आला. आईसमोर उभं राहून म्हणाला, 'बाई, चुकलंच माझं.' ती म्हणाली, 'चुकलं ते टॅपेटचं. तीन वेळा बसवली म्हणे. चहा घेणार?' आज सकाळी तिने मला स्टिअरिंगला बसवलं. गाडी जागेवरच, न्यूट्रलमध्ये, चावी तिने फिरवून दिली. ती बॉनेटजवळ उभी राहिली आणि म्हणाली, पाय टेकवा, हळू. मी चपला बाहेर काढल्या होत्या, सांगावं लागलं नाही. पेडलचं लोखंड गार होतं. मी पाय टेकवला आणि इंजिन एकसारखं फिरत राहिलं. ती मान वाकडी करून बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, 'चांगलं आहे इंजिन. विकायचं नाही. अवनी चालवेल नंतर.'

आता पत्र का, ते सांगतो. शुक्रवारी रिक्षातून येताना ती म्हणाली, अवनीला लिहा. मी म्हणालो, फोन करू की. 'फोन नको. फोनवर ती लगेच म्हणेल, काही होत नाही गं आई. मला बरं वाटावं म्हणून. पत्राला तसं पटकन उत्तर देता येत नाही, आधी वाचावं लागतं.' आणि म्हणाली, इंजिनाचं आधी लिहा, सगळं लिहा, म्हणजे तिला कळेल की गाडीत शोधायचं आपण काही बाकी ठेवलं नव्हतं. गाडीचं तिला फारसं दुःख नाही, अवनी. तिला विचारायचं आहे ते निराळंच. तुला आक्कानं पायावर घेऊन न्हाऊ घातलं. तुझ्या मामाच्या दोन्ही मुलांना आईने घातलं. तुझ्या बाळाला कोणी घालायचं? पाट त्यासाठीच दुरुस्त केला होता, आणि ती गुळाची ढेप पायांवर ठेवून ती तेच बघत होती, पायांवरचं हलतं का. ढेप हलत होती, असं तिने मला रिक्षात सांगितलं. औषधाने थरथर कमी होईल, पण ओल्या, तेल लावलेल्या बाळाची गोष्ट वेगळी, हेही तिनेच सांगितलं. शेजारच्या गल्लीतल्या चिमणाबाई बाळंतिणीची आणि बाळाची आंघोळ करायला येतात, त्यांना सांगून ठेवता येईल. पाटावर त्या बसतील, बाळ त्यांच्या पायांवर, आणि पाणी आई घालेल. तिचे हात स्थिर आहेत, ते मी वड्या कापताना बघितलं आहे. पण हे ठरवायचं कोणी, तर तू, असं तिचं म्हणणं आहे. बाळ तुझं आहे, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तू 'हो' म्हटलेलं तिला नको आहे. सौमित्रशी बोल, दोन-चार दिवस घे. जे वाटेल ते लिही, फोनवर यातलं काही काढू नकोस. आणि पाकिटावर माझं नाव घालू नकोस, तिचं घाल.

अजूनही डाव्याच सीटवर बसणारा,
तुझाच,
आण्णा